वरचे दोन थर

९ जून

औषधवाले व्याहीबुवा, नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला मोठ्यानं बोलता येत नाही, तेव्हा हे पत्र. गेल्या वेळी मी तुमची प्रकृती विचारली आणि तुम्ही मला गाडीची वेळ सांगितलीत. तेव्हाच ठरवलं की यापुढे लिहायचं.

काम वेगळंच आहे. मी निवृत्त झालो तेव्हा तुमच्या कन्येनं, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, मला एक खोकं दिलं होतं. स्टीलचा शेकर, दोन तोंडांचं माप, पिळाच्या दांड्याचा लांब चमचा आणि सहा छोटे उभे ग्लास. "बाबा, चाळीस वर्षं रंग मिसळलेत, आता पिण्यासारखं काहीतरी मिसळा," असं म्हणाल्या होत्या. वर्षभर ते खोकं कपाटावर पडून होतं. एकट्या माणसाच्या घरात वस्तू जिथे ठेवली तिथेच राहते, हलवणारं दुसरं कुणी नसतं. गेल्या आठवड्यात खाली काढलं.

मुलांच्या घरी गेल्या हिवाळ्यात आपण दोघांनी जे घेतलं ते आठवत असेल. खाली काळा थर, मध्ये दुधी, वर मधाच्या रंगाचा. तेच करायला घेतलं. कॉफीची लिकर, क्रीमची लिकर, संत्र्याची लिकर, तिन्ही आणल्या. दुकानदारानं विचारलं, पार्टी आहे का. मी म्हटलं, प्रयोग आहे. त्यानं पिशवी जरा लवकरच हातात दिली.

खालचा काळा थर झकास बसला. त्यावर क्रीमचा ओतला, तोही बसला. संत्र्याचा ओतला आणि कारभार आटोपला. वरचे दोन एकमेकांत गेले, वर नुसता एकच फिका पट्टा. तीनदा केलं, तीनदा तेच. केलेलं टाकून द्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून तिन्ही प्यायलो आणि दुपारी चारपर्यंत झोपलो.

माझं उभं आयुष्य मिसळण्यात गेलं. न मिसळायचं कसं हे मला कुणी शिकवलं नाही. जड काय, हलकं काय, ते तुमच्या खात्यातलं. काय चुकतंय ते कळवा.

मुलं मजेत आहेत. गेल्या रविवारी फोन झाला, दोघंही घाईत होती. विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा,
रंगवाला

१७ जून

रंगवाले व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र पोचलं. रुग्णालयाच्या औषधखान्यात पस्तीस वर्षं मी डॉक्टरांची अक्षरं वाचली, तरी तुमचं पत्र दोनदा वाचावं लागलं. तुमच्या ओळी कागदावरच्या रेघा सोडून चालल्या आहेत. जरा बेतानं लिहीत जा.

नियम एकच आहे. जड खाली, हलकं वर. साखरेनं द्रव जड होतो, मद्यार्कानं हलका. ऐकीव माहिती देणं मला जमत नाही, म्हणून मी तिन्ही बाटल्या आणून तोलून पाहिल्या. दहा मिलिलिटर कॉफीची लिकर साडेअकरा ग्रॅम भरली, क्रीमची साडेदहा, संत्र्याची दहाच्या किंचित वर. म्हणजे तुमचा क्रम बरोबर आहे. चूक असेल तर हाताची.

चमचा पालथा धरायचा, टोक ग्लासच्या आतल्या कडेला टेकवायचं आणि चमच्याच्या पाठीवर ओतायचं. धार सुईच्या जाडीची. बाटल्या आधी दोन तास थंड करायच्या. हात कापत असेल तर कोपर टेबलावर टेकवा, त्यात लाज नाही.

माझे पहिल्या खेपेला तीन थर आले. बढाई म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो. सौ.ला दाखवले. ती म्हणाली, "आता ढवळून द्या." मी म्हटलं, ढवळायचंच होतं तर एवढा खटाटोप कशाला केला? ती म्हणाली, "मी तेच विचारतेय." मग तिनं ते एका घोटात संपवलं आणि ग्लास धुऊन पालथा घातला.

तुम्हाला उमेद यावी म्हणून एक सोपं देतो. चॉकलेटची लिकर, पुदिन्याची लिकर आणि ताजं क्रीम, तिन्ही सारखं. शेकरमध्ये बर्फासकट घालायचं आणि शेकर हाताला झोंबू लागेपर्यंत हलवायचं. तिथे मिसळणंच अपेक्षित आहे, म्हणजे तुमच्या खात्यातलं. आंबट काही क्रीमच्या आसपास आणू नका, फाटतं.

मुलं मजेत आहेत हे वाचून बरं वाटलं. आम्हाला कन्येचा दोन रविवार फोन नाही.

आपला,
औषधवाला

२ जुलै

औषधवाले व्याहीबुवा, नमस्कार.

तुमचं हिरवं क्रीम जमलं. रंग असा आला की कारखान्यात असतो तर डब्यावर चिठ्ठी लावून नमुना ठेवला असता. वर इतका दाट फेस की ग्लास वाकडा केला तरी जागचा हलेना. चव मात्र दात घासल्यासारखी. हे तुम्हाला आधी माहीत असणार, तुम्ही लिहिलं नाहीत.

थरांचं म्हणाल तर पालथ्या घड्यावर पाणी. कोपर टेकवलं, बाटल्या थंड केल्या, चमच्याची पाठ वर ठेवली. खालचा काळा स्पष्ट. वरचे दोन पुन्हा एक. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो आणि ते माझ्याकडे.

चिरंजीव शुक्रवारी इथे आले आहेत. कंपनीचं काम आहे, तीनेक आठवडे लागतील. दोन मोठ्या बॅगा आणि हिवाळ्याचा कोट आणलाय, त्यामुळे बाहेरच्या खोलीत जपून चालावं लागतं. त्यांना हिरवं क्रीम दिलं. प्यायले. दुसरं दिलं, तेही प्यायले. मी विचारलं, "कसं झालंय?" तर म्हणाले, "चांगलं आहे की." नंतर बराच वेळ रिकामा ग्लास हातात धरून बसले होते. काम फार असावं.

सूनबाई तिकडे घर सांभाळून आहेत, मजेत आहेत.

तुमचा,
रंगवाला

११ जुलै

रंगवाले व्याहीबुवा, नमस्कार.

क्रम बरोबर, थंडावा बरोबर, चमचा बरोबर. मग एकच शक्यता उरते. तुमची क्रीमची बाटली जुनी असावी. झाकणाखालची तारीख पाहा. नसेल जुनी, तर मला कारण सांगता येत नाही, आणि कारण सांगता न येणं मला आवडत नाही.

पुदिन्याच्या चवीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. निम्मी करा.

कन्या तिकडे मजेत आहे असं तुम्ही लिहिलंत. बरं वाटलं. इथे नवीन काही नाही.

आपला,
औषधवाला

११ जुलै

व्याहीबुवा, नमस्कार.

ह्यांचं पत्र तुम्हाला याच टपालानं मिळेल. हे मी ह्यांना न सांगता लिहितेय, तेव्हा उत्तर माझ्या नावानं पाठवा.

तुमचं पत्र आलं तेव्हा आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. तिघं म्हणजे मी, हे आणि तुमची सून. ती वीस जूनपासून इथेच आहे. ती मटार सोलत होती आणि हे तुमचं पत्र मोठ्यानं वाचत होते, कारण हळू वाचलं तर ह्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही. हिरव्या क्रीमपाशी ती हसली. खूप दिवसांनी हसली. मग ह्यांनी वाचलं, "सूनबाई तिकडे घर सांभाळून आहेत, मजेत आहेत." आणि थांबले. ती म्हणाली, "वाचा ना बाबा पुढे." पुढे तुमची सही होती. ती उठून आत गेली. उरलेले मटार मी सोलले.

ह्यांना वाटतं, तुम्हाला काहीच ठाऊक नाही, आणि सांगायचं कसं या विचारात ह्यांनी त्या मेल्या चमच्यावर पान भरून काढलं. मला वाटतं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. ऐन जुलैत हिवाळ्याचा कोट घेऊन तीन आठवड्यांसाठी कुणी येत नाही, व्याहीबुवा. निदान कोटाचं तरी लिहायचं नव्हतंत.

मुलांनी काय करायचं ते मुलं ठरवतील, आपला त्यात शहाणपणा चालणार नाही. पण तुम्ही दोघं म्हाताऱ्यांनी एकमेकांना असं किती दिवस पाजत राहायचं?

तुमची,
विहीण

१८ जुलै

विहीणबाई, नमस्कार.

ठाऊक आहे. चिरंजीव आले त्याच संध्याकाळी सांगितलं. परदेशातली दोन वर्षांची नेमणूक त्यांनी स्वीकारली आणि घरी येऊन जेवताना कळवलं. सूनबाई एकदा त्यांच्यासाठी स्वतःचं काम सोडून त्यांच्या शहरात गेल्या होत्या. आता दुसऱ्यांदा. मी मुलाला विचारलं, "तू तिला विचारलंस का?" म्हणाला, "सांगितलं ना." विचारणं आणि सांगणं यांतला फरक त्याला तिशीत कुणी समजावायचा. आई असती तर तिनं समजावला असता. मी फक्त ग्लास पुढे केला.

ते दोघं आता एकत्र राहतील असं मला वाटत नाही.

एक विनंती करतो. व्याह्यांना इतक्यात काही बोलू नका. तुमच्या घरचं पत्र हे माझ्या दारात येणारं एकच टपाल असं आहे की ज्यावर माझा पत्ता कुणीतरी हातानं लिहिलेला असतो. मुलं वेगळी झाली की कसले व्याही आणि कसली पत्रं. अजून दोनचार जाऊ द्यात. मग तुम्ही म्हणाल तसं.

तुमचा,
व्याही

२४ जुलै

औषधवाले व्याहीबुवा, नमस्कार.

बाटली नवी आहे, तारीख पाहिली. म्हणजे तुमची शेवटची शक्यताही गेली.

तुम्ही नको म्हटलेलं करून पाहिलं. संत्र्याचा ताजा रस आणि क्रीम. आधी काही झालं नाही. मी मनात म्हटलं, औषधवाल्यांची भीतीच जास्त. मिनिटभरानं बारीक गुठळ्या धरल्या, मग खाली पाणी आणि वर चोथा. कारखान्यात एकदा तेलाच्या रंगात पाण्याचा रंग पडला होता, तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं होतं तसं मी त्या ग्लासकडे पाहिलं. गाळून काही वाचतंय का ते बघितलं, नाही वाचलं. शेकर तीनदा धुवावा लागला. एकदा नासलं की नासलं, त्याला तुमच्याकडेही औषध नसेल.

दुसरं म्हणजे, कडू कॉफीवर अर्धवट फेटलेलं क्रीम सोडलं तर ते तरंगत नाही, पण कॉफीत साखर घातली की तरंगतं. हे मी माझं मी शोधलं. तुम्ही म्हणाल यात काय, पण मला दुपारभर बरं वाटलं.

इकडे सर्व ठीक.

तुमचा,
रंगवाला

६ ऑगस्ट

काल वकिलाचं पाकीट आलं. कन्येनं टेबलावर ठेवलं आणि मला वाचायला सांगितलं. त्यावरून सौ.शी बोलणं झालं, आणि तिनं तुमचं अठरा जुलैचं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

चोवीस जुलैला तुम्ही मला फाटलेल्या क्रीमबद्दल पान भरून लिहिलंत. माझ्या मुलीबद्दल एक ओळ लिहिता आली नाही. त्या दिवसांत ती जेवत नव्हती. मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून, काय बोलावं ते न सुचून, तुमच्या थरांचं कोडं सोडवत होतो.

तुमच्या चिरंजिवांनी तिच्या आयुष्याचा निर्णय जेवणाच्या टेबलावर कळवला. तो तुमच्या घरात वाढला आहे. तिथे माणसं एकमेकांना काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते आता मला कळलं.

औषधवाला

१४ ऑगस्ट

पत्र मिळालं.

मी लिहायला हवं होतं. तिथे माझी चूक आहे. पण अकरा जुलैला "बरं वाटलं" असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा तुमची मुलगी शेजारच्या खोलीत होती.

माझा मुलगा चुकला. मी त्याला तसं सांगितलंही. नंतर त्यानं नऊ दिवस रोज फोन केला आणि तुमच्या मुलीनं एकदाही घेतला नाही, हेही घडलं आहे. तो कसा वाढला याबद्दल तुम्ही लिहिलंत. त्याची आई तो बारा वर्षांचा असताना गेली. त्यानंतर जेवढं जमलं तेवढं मी केलं, आणि जमलं ते पुरेसं नव्हतं हे मला तुमच्याआधीपासून ठाऊक आहे.

यापुढे लिहिण्यासारखं काही उरलं नाही असं वाटत असेल तर उत्तर पाठवू नका. मी समजेन.

रंगवाला

८ नोव्हेंबर

अगं,

पोचल्यावर सविस्तर कळव म्हणाली होतीस. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि हे फोनवर सांगण्यासारखंही नाही, म्हणून लिहितो. मुलांचं घर रिकामं करून मालकाला किल्ल्या परत द्यायला अजून पाच दिवस आहेत, तोवर पत्र तुला मिळेल.

मी पोचलो तेव्हा ते आधीच आले होते. मुलांच्या घराच्या बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या खोक्यावर बसले होते, अंगात कोट तसाच. मी दारात उभा राहिलो. तीन महिन्यांत एका ओळीचा व्यवहार नाही, आता काय बोलणार? ते म्हणाले, "या. गरम पाणी येत नाहीये, मालकाला सांगितलंय." मी म्हटलं, "बरं."

पहिले दोन दिवस आम्ही यादीबाहेर एक शब्द बोललो नाही. तुझ्या मुलीनं आणि त्यांच्या मुलानं यादी चांगली केली आहे. डावीकडे तिचं, उजवीकडे त्याचं, भांडण कशाचंच नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं असं मला मधेच वाटलं. मी वाचायचो, ते वस्तू शोधायचे, मी खूण करायचो. "दिवा, उभा." "आहे." "पडदे, निळे." इथे ते हिरवे पडदे घेऊन आले. मी म्हटलं, निळे. त्यांनी हातातल्या पडद्यांकडे पाहिलं, परत गेले आणि निळे आणले. मला वाटलं, थकले असतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघर काढलं. वरच्या फळीवर तीन बाटल्या होत्या, प्रत्येक अर्ध्याहून कमी. कॉफीची, क्रीमची, संत्र्याची. क्रीमची फ्रिजमध्ये नव्हती, पण तारीख उलटली नव्हती.

"यादीत नाहीत," मी म्हटलं.

"मग ओतून टाकू."

"मुदत असलेली बाटली मी पस्तीस वर्षांत ओतून टाकलेली नाही."

ग्लास सगळे बांधले गेले होते. दाढीचा मग आणि दातांच्या ब्रशचा एक काचेचा पेला उरला होता, तो मी धुतला. चमचा त्यांच्या हातात दिला. का दिला, सांगता येणार नाही. तीन महिने राग धरला होता, तो कुठेतरी ठेवायचा होता.

त्यांनी ओतलं. अगं, कोपर टेकवून, धार सुईसारखी, अगदी मी लिहिलं होतं तसं. मी घरी केले त्यापेक्षा ते थर सरस होते. खाली काळा, मध्ये दुधी, वर मधासारखा, पट्टीनं आखल्यासारखे.

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "बघा. वरचे दोन गेले परत."

"कुठे गेले?"

"एकमेकांत. तुमच्यासमोरच केलं की."

मला आधी वाटलं, चेष्टा करतात. मग त्यांचा चेहरा पाहिला. मी पेला उचलून खिडकीपाशी नेला. म्हटलं, "इथे या. किती रेघा दिसतात?"

"एक. काळ्याच्या वर."

मी त्यांच्या डाव्या डोळ्यावर हात धरला. "आता?"

"एकच."

उजव्यावर धरला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती गेली. मग म्हणाले, "पेला हातात आहे ना तुमच्या?"

मी हात काढला. त्यांना सांगितलं, "थर बरोबर आहेत. जूनपासून बरोबर असतील. तुम्हाला दिसत नाहीत."

ते खोक्यावर बसले. म्हणाले, "अंदाज होता." निवृत्तीच्या आधी दोन वर्षं ते रंग डोळ्यांनी जुळवत नव्हते, डब्यांवरचे आकडे पाठ करून जुळवत होते. ज्या माणसाच्या नजरेवर चाळीस वर्षं कारखाना चालला त्यानं हे कुणाला सांगायचं? मी विचारलं, "घरात कुणाला ठाऊक होतं?"

"घरात कोण आहे?" म्हणाले. आणि जरा वेळानं, "सूनबाईंना कळलं होतं. गेल्या हिवाळ्यात, याच स्वयंपाकघरात. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मला वचन दिलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख त्यांनीच घेतली होती, सव्वीस जूनची. स्वतः येऊन नेणार होत्या. मग वीस तारखेला त्या तुमच्याकडे आल्या."

मी विचारलं, "मग तुम्ही एकटे का नाही गेलात?"

"राहिलं," म्हणाले.

तो पेला आम्ही दोघांनी मिळून संपवला, आळीपाळीनं. मी ऑगस्टमध्ये जे लिहिलं त्याबद्दल माफी मागितली नाही. त्यांनीही मागितली नाही. माझ्या मनात होतं, त्यांच्याही असावं, पण दोघांच्याही तोंडी तो शब्द बसलेला नाही. संध्याकाळी यादीचं उरलेलं पान मी वाचलं आणि वस्तूही मीच शोधल्या. ते खोक्यावर बसून खुणा करत होते. खुणा रकान्याबाहेर पडल्यात, त्या घरी आल्यावर नीट करीन.

कन्येला एवढंच सांग की, तिनं घेतलेली ती तारीख मी पुन्हा घेतो आहे. बाकीचं तिला मी आल्यावर सांगेन.

तुझा,
मी

१ फेब्रुवारी

औषधवाले,

या संबोधनापुढे काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून एवढ्यावरच सोडतो. मुलांचे कागद डिसेंबरात पुरे झाले, तेव्हा जुना शब्द लिहायचा तर मनाला विचारावं लागतं.

तुम्ही गेलात त्याला आज पाच दिवस झाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी तुमच्यासमोरच निघाली होती, पण तेव्हा सगळं पाण्याखाली असल्यासारखं होतं. आता निवळलं. माझ्या बैठकीची भिंत मी इतकी वर्षं पिवळसर समजत होतो, ती चक्क पांढरी निघाली. तुम्ही सहा दिवस तिच्यासमोर बसून जेवलात आणि बोलला नाहीत. आरशात पाहिलं, तिथे आणखी वाईट बातमी होती. उजव्या डोळ्याची तारीख मार्चची मिळाली आहे. तुम्ही यायलाच हवं असं नाही. डॉक्टरांनी पुढचे काही दिवस पिऊ नका म्हटलंय, तेव्हा शेकर कपाटात.

काल सूनबाईंचा फोन आला. काय म्हणून बोलायचं ते कळेना, म्हणून मी नुसतं "बोला" म्हटलं. त्या म्हणाल्या, "बाबा, थेंब वेळेवर घालताय ना?" मी म्हटलं, घालतोय. मग त्यांनी नवीन कामाबद्दल सांगितलं. तिथे त्यांना स्वतःची खोली आहे आणि खिडकीही. चिरंजिवांना मी हे कळवलं नाही. त्यांचंही पत्र असतं अधूनमधून, तिकडे थंडी फार आहे म्हणतात. कोट नेला ते बरं केलं.

एक विचारायचं राहिलं. रुग्णालयात भरती होताना तो अर्ज तुम्ही भरलात. माझ्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, मला अक्षर दिसत नव्हतं. सोबत आलेल्या माणसाचं रुग्णाशी नातं, असा एक रकाना असतो, तो काउंटरवरच्या बाईंनी मोठ्यानं वाचला तेवढा ऐकला. तुमचं पेन थांबलं, तेही ऐकू आलं. मग तुम्ही काहीतरी लिहिलंत. मी विचारलं तर म्हणालात, "लिहिलं काहीतरी, चला." नंतर त्या बाई तुम्हाला हळूच काही बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही आणि तुम्हाला कसं आलं ते देव जाणे.

काय लिहिलंत?

तुमचा,
रंगवाला

९ फेब्रुवारी

रंगवाले व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र मिळालं. ओळी आता रेघांवर आल्या आहेत. भिंतीचं मी बोललो नाही कारण विचारल्याशिवाय कुणाच्या भिंतीला रंग सांगू नये असं मला वाटतं.

मार्चची तारीख सौ.नं कॅलेंडरवर लिहिली आहे. या वेळी तीही येते. तुमच्या स्वयंपाकघराबद्दल मी जे सांगितलं त्यावर तिचा विश्वास बसलेला नाही.

तुम्ही विचारलेल्या रकान्यात मी "व्याही" असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "मुलगी कुणाची?" मी म्हटलं, "माझी." त्यांनी शिक्का मारला आणि तुम्हाला आत घेतलं.

पांढऱ्या झाकणाचे थेंब दिवसातून चार वेळा, निळ्या झाकणाचे दोन वेळा, मध्ये दहा मिनिटांचं अंतर. पांढरी बाटली आधी हलवायची.

आपला,
औषधवाला